दुकानांत न पोंचलेली ‘नंबर वन’ ध्वनिमुद्रिका

एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेपूर्वींच आपल्या वहीवर ‘पहिला क्रमांक’ असें लिहून ठेवावें, आणि निकालाच्या दिवशीं फळ्यावर त्याचें नांवहि सांपडूं नये, असा कांहींसा प्रकार अमेरिकेंतील चार तरुणांच्या बाबतींत इ. स. १९७२ मध्यें घडला. त्यांच्या वाद्यवृंदाचें नांव ‘बिग स्टार’, म्हणजे मोठा तारा. आणि त्यांनीं काढलेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘नंबर वन रेकॉर्ड’. या दोन्ही नांवांत थट्टा होती आणि थोडी आशाहि होती. परंतु ती रेकॉर्ड निघाली तेव्हां तिच्या १०,००० प्रतीदेखील खपल्या नाहींत. असें असून आज पन्नासांहून अधिक वर्षें लोटल्यावर देशोदेशींचे रसिक ती मुद्दाम शोधून ऐकतात, आणि नवे वाद्यवृंद तिला गुरुस्थानीं मानतात. तिच्यांत एवढें मोहक असें काय आहे, आणि तें प्रथम लोकांच्या कानांपर्यंत कां पोंचलें नाहीं, या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम पालकवर्गाच्या मनांतील एका शंकेस उत्तर देणें इष्ट आहे. विजेच्या गिटारींचें संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती सर्वस्वीं निराधार आहे असें प्रस्तुत लेखकहि म्हणणार नाहीं. शेजारच्या घरांत मोठ्यानें लावलेल्या अशा संगीतापायीं ज्याची दुपारची झोंप मोडली आहे, त्याच्यापुढें सौंदर्यशास्त्र काढण्यांत अर्थ नसतो. परंतु या गोंगाटाच्या पोटांत एक असा प्रकार आहे कीं, ज्यांत चालीला, म्हणजे सहज गुणगुणतां येईल अशा स्वरपंक्तीला, सर्वांत वरचें आसन दिलेलें असतें. त्यास ‘पॉवर पॉप’ असें म्हणतात. हा शब्द १९६७ सालीं ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदांतील गिटारवादक पीट टाउनशेंड यानें स्वतःच्या संगीताविषयीं बोलतांना वापरला. पॉप म्हणजे सर्वांस समजेल व आवडेल असें सुबोध गाणें. पॉवर म्हणजे जोर, आणि तो गिटारींचा व ड्रमचा. मात्र जोर कितीहि असला तरी त्यांत चाल बुडतां कामा नये, ही या प्रकाराची मुख्य अट आहे. गाणें आटोपशीर असावें, धृपद एकदां ऐकतांच ओठांवर बसावें, आणि मुख्य गायकाच्या स्वराभोंवतीं दुसऱ्या-तिसऱ्या आवाजांची गुंफण असावी. ही गुंफण म्हणजे काय, तें आपल्या शाळेच्या गायकवृंदांत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना सांगावयास नको. एक गट चाल म्हणत असतो, त्याच वेळीं दुसरा गट तीच ओळ निराळ्या स्वरांवर म्हणतो, आणि दोन्ही मिळून एक तिसरीच गोडी उत्पन्न होते. आपल्या रागसंगीतांत एका वेळीं एकच स्वरपंक्ति चालते. त्यामुळें ही गोडी आपल्या कानांस प्रथम परकी लागते, परंतु लवकरच तिची संवय होते.

आटोपशीरपणाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसें अधिक मावत नसे. आपल्या भावगीताला थोडक्यांत सर्व सांगण्याची कला त्या तबकडीनेंहि शिकविली. पुढें दीर्घ तबकड्या आल्या आणि बंधन सुटलें. त्या स्वातंत्र्याचा उपयोग पश्चिमेकडील तरुण वाद्यवृंदांनीं इतका केला कीं, १९७२ सालींच ‘जेथ्रो टल’ या इंग्रज वाद्यवृंदाची अशी एक रेकॉर्ड निघाली कीं तिच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणें होतें. अशा काळांत बिग स्टारनें सदतीस मिनिटांच्या आसपास बारा गाणीं बसविलीं. काळाच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा हा प्रकार होता.

आतां हे चौघे कोण व कोठले तें पाहूं. अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांत मिसिसिपी नदीच्या कांठीं मेंफिस नांवाचें शहर आहे. एल्विस प्रेस्ली याचें हें गांव; शिवाय ‘स्टॅक्स’ या कंपनीमुळें कृष्णवर्णीय गायकांच्या भावोत्कट ‘सोल’ संगीताचेंहि तें माहेरघर झालें होतें. अशा गांवांत वाढलेल्या या मुलांचे कान मात्र समुद्रापलीकडे, इंग्लंडकडे लागलेले होते. कारण त्यांच्या बालपणींच बीटल्सचें वादळ अमेरिकेवर येऊन गेलें होतें. त्याच शहरांत जॉन फ्राय नांवाचा एक गृहस्थ होता. शाळकरी वयांतच, १९५९ सालीं, त्यानें दोन मित्रांच्या साह्यानें घरच्या घरीं ध्वनिमुद्रणाचा उद्योग आरंभिला आणि त्यास ‘आर्डेंट’ असें नांव दिलें. (त्या मित्रांपैकीं एक फ्रेड स्मिथ, यानेंच पुढें ‘फेडरल एक्स्प्रेस’ ही कंपनी काढून एका रात्रींत देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पार्सलें पोंचविण्याची व्यवस्था केली. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें उपयोगी पडेल.) आर्डेंटचा मोठा स्टुडिओ झाल्यावर फ्रायनें एक मोलाची गोष्ट केली. संगीताचें वेड असलेल्या गांवांतल्या पोरांना त्यानें ध्वनिमुद्रणाचें शास्त्र शिकविलें, आणि दिवसाचीं गिऱ्हाइकें आटोपल्यावर स्टुडिओ त्यांना वापरूं दिला. तेथें रात्र रात्र जागणाऱ्यांत ख्रिस बेल हा एक होता. गिटार वाजविणें आणि गाणें यांपेक्षांहि, आवाज फितीवर कसा उतरतो याचें त्याला विलक्षण वेड होतें. बेस गिटार वाजविणारा अँडी हमेल आणि ड्रम वाजविणारा जोडी स्टीफन्स हे त्याचे सोबती.

चौथा अॅलेक्स चिल्टन. याची कथा निराळी आहे. १९६७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षींच, ‘बॉक्स टॉप्स’ या वाद्यवृंदाचा गायक म्हणून त्यानें म्हटलेलें ‘द लेटर’ हें गाणें अमेरिकेंत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. तें गाणें दोन मिनिटांचेंहि नाहीं, आणि तें ऐकणाऱ्यास आवाज चाळिशीच्या, अनुभवानें घोगऱ्या झालेल्या गृहस्थाचा असावा असें वाटतें. परंतु तेथें कोणतें गाणें कसें म्हणावयाचें तें दुसरेच ठरवीत. या नांवलौकिकास कंटाळून तो तेथून निघाला आणि १९७१ मध्यें या तिघांस येऊन मिळाला. चौघेहि विशीच्या आसपासचे. येथें त्यानें आपला खरा आवाज काढला. तो उंच, नाजूक आणि किंचित् कंप पावणारा आहे. दोन्ही रेकॉर्डी एकापुढें एक लावल्या तर एकच मनुष्य गातो आहे यावर विश्वास बसत नाहीं.

वाद्यवृंदास नांव काय द्यावें असा प्रश्न पडला तेव्हां स्टुडिओच्या समोर ‘बिग स्टार’ नांवाच्या किराणा मालाच्या दुकानाची पाटी होती, तीच उपयोगी पडली. रेकॉर्डच्या वेष्टणावरहि निऑनच्या दिव्यांचा एक तारा आहे.

या रेकॉर्डचें पहिलें आकर्षण म्हणजे तिची स्वच्छता. एका रुंद फितीवर अनेक समांतर पट्टे असतात, आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक वाद्य अगर आवाज वेगवेगळ्या वेळीं मुद्रित करतां येतो. त्यामुळें एकच गायक स्वतःच्या आवाजावर पुन्हां आपलाच दुसरा आवाज चढवूं शकतो, आणि दोघे-तिघे मिळून एका वृंदाइतका भरदारपणा आणूं शकतात. परंतु ही सोय दुधारी आहे. थरावर थर चढवीत गेलें कीं शेवटीं सर्वांचा चिखल होतो. पुष्कळशा रेकॉर्डींचा तसा झालेलाच आहे. येथें तसें झालें नाहीं. बेलच्या चिकाटीनें आणि फ्रायच्या सूक्ष्म कानानें प्रत्येक तार निराळी ऐकूं येते. गिटारीची धातूसारखी लकाकी, झांजांची किणकिण, बेसची चाल, आणि त्यावर तरंगणारे आवाज. एखाद्या स्वच्छ ओढ्याच्या तळाचे गोटे दिसावेत तसें हें आहे. मोठ्यानें वाजणारें संगीत इतकें नितळ असूं शकतें, हें प्रस्तुत लेखकास येथेंच प्रथम कळलें.

दुसरें आकर्षण चालींचें, आणि तें शब्दांत सांगणें कठीण. तरी प्रयत्न करतों. पहिलें गाणें ‘फील’. त्यांत बेल अगदीं गळा ताणून, जवळजवळ ओरडून, आपली व्यथा सांगतो, आणि मध्येंच सॅक्सोफोन वाजूं लागतात. मेंफिस गांवाची ओळख त्यांत पटते. त्याच्या मागोमाग ‘द बॅलड ऑफ एल गूडो’ हें संथ, भारदस्त गाणें येतें. त्या वेळीं अमेरिकेंत व्हिएतनामच्या युद्धासाठीं तरुणांची सक्तीची लष्करभरती चालू होती. तिची छाया या गाण्यावर आहे. सर्व परिस्थिति उलट असतांहि आपण नमणार नाहीं, असें एक तरुण सांगतो. आश्चर्य हें कीं तो तें गर्जून सांगत नाहीं. आवाज हळू आहे, किंचित् भीतीहि त्यांत आहे. आणि धृपदापाशीं येतांच मागून इतर आवाज येऊन त्याला जणूं दोन्ही बाजूंनीं धरतात. धैर्याचें इतकें खरें चित्र वीररसाच्या पोवाड्यांतहि क्वचित् आढळतें. कारण भ्यालेल्या मनुष्याचें धैर्य हेंच पुष्कळदां खरें धैर्य असतें.

‘थर्टीन’, म्हणजे ‘तेरा’, हें गाणें तर या अंकाच्या वाचकांस विशेष जवळचें वाटावें. बीटल्स १९६४ च्या फेब्रुवारींत प्रथम अमेरिकेंत आले, त्या वेळीं चिल्टनचें वय तेरा वर्षांचें होतें. शाळेंतून घरीं जातांना आपल्याबरोबर चालशील का, असें एक मुलगा एका मुलीस भीत भीत विचारतो, एवढाच या गाण्याचा विषय. पालकांनीं दचकूं नये. गाण्यांत याहून अधिक कांहीं घडत नाहीं. उलट, मुलीच्या वडिलांना आपलें आवडतें संगीत पसंत नाहीं ही त्या बिचाऱ्याची एक मोठी अडचण आहे, आणि त्यांची समजूत पटावी अशी त्याची धडपड आहे. ड्रम नाहींत, विजेचा झंकार नाहीं. साध्या गिटारी आणि आवाज, आणि अडीच मिनिटांत सर्व संपतें. तें इतकें साधें आहे कीं कोणीहि हें करूं शकेल असें वाटतें. आणि गेलीं कित्येक वर्षें निरनिराळे गायक तें पुन्हां म्हणून पाहात आहेत.

रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर हमेलनें रचलेलें ‘द इंडिया साँग’ आहे. आपल्या देशाचें नांव पाहून प्रस्तुत लेखकानें मोठ्या उत्सुकतेनें तें ऐकलें. गाणें गोड आहे, बासरीसारखे सूर फार हळुवार आहेत. परंतु त्यांतील हिंदुस्थान म्हणजे रानांतील पांढऱ्या बंगल्यांत आरामांत राहणाऱ्या साहेबाचा! १९४७ सालींच मावळलेलें तें चित्र मेंफिसच्या एका तरुणाच्या स्वप्नांत १९७२ पर्यंत टिकून होतें, याची मौज वाटते. असो. दुसऱ्या बाजूवर ‘ट्राय अगेन’ आहे. तें जवळजवळ प्रार्थनाच आहे. पुनःपुन्हां घसरणारा मनुष्य देवापाशीं आणखी एकदां प्रयत्न करण्याचें बळ मागतो, आणि गिटारीचा स्वर लांबवर ओढला जातो. पहिल्या बाजूवरील ‘इन द स्ट्रीट’ या गाण्यांत कांहींच काम नसलेलीं पोरें मोटारींत बसून रस्त्यांतून हिंडतात. त्यांतील आनंदाच्या तळाशींहि कंटाळा आणि हुरहूर आहे. माझ्या मतें या रेकॉर्डची मोहिनी येथें आहे. चाल उन्हासारखी लखलखीत असते, आणि तिच्या आंत एक अस्वस्थ, एकटें मन बोलत असतें. चालीवर लुब्ध होऊन आपण जवळ जातों, आणि जवळ गेल्यावर तें मन ऐकूं येतें. नुसती गोडी असती तर चार दिवसांत वीट आला असता.

मग ती खपली कां नाहीं? समीक्षकांनीं नाकारली म्हणून नव्हे. उलट, संगीताच्या नियतकालिकांतून तिची तोंडभर स्तुति झाली. अडचण वाटेंत होती. आर्डेंट ही लहान, स्वतंत्र कंपनी. तिच्या तबकड्या गांवोगांवच्या दुकानांत पोंचविण्याचें काम स्टॅक्सकडे होतें. स्टॅक्सचा सर्व व्याप कृष्णवर्णीयांच्या संगीताचा. गिटारी वाजविणाऱ्या या गोऱ्या पोरांचा माल कोणत्या दुकानांत ठेवावा याची त्या कंपनीस फारशी कल्पना नव्हती. त्यांतच १९७२ मध्यें स्टॅक्सनें आपलें वितरण कोलंबिया या बलाढ्य कंपनीच्या हातीं दिलें, आणि कोलंबियाला या लहानशा रेकॉर्डविषयीं आस्था नव्हती. परिणामीं, स्तुति वाचून दुकानांत गेलेल्या गिऱ्हाइकास रेकॉर्ड मिळेना. त्याच मेंफिसमधून १९७३ च्या एप्रिलपासून फ्रेड स्मिथचीं विमानें एका रात्रींत देशभर पार्सलें पोंचवूं लागलीं. परंतु त्याच्याच बालमित्राच्या स्टुडिओंतील ही चीज मात्र दुकानांपर्यंत गेली नाहीं. योगायोग असा क्रूर असतो.

याचा सर्वांत मोठा घाव बेलला बसला. या रेकॉर्डसाठीं त्यानें जिवाचें रान केलें होतें. १९७२ च्या अखेरीस तो वाद्यवृंद सोडून गेला. मागें राहिलेल्या तिघांनीं ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी रेकॉर्ड १९७४ सालीं काढली. तिचेंहि तेंच झालें. तिसरी १९७४ मध्यें मुद्रित झाली, ती १९७८ पर्यंत बाहेरच पडली नाहीं. आणि स्टॅक्सचें तर १९७५ सालीं दिवाळें वाजलें. बेल मधूनमधून एकटा गात व मुद्रण करीत राहिला, परंतु त्याच्या स्वतःच्या नांवावर ‘आय अॅम द कॉस्मॉस’ ही एकच छोटी तबकडी त्याच्या हयातींत निघाली. २७ डिसेंबर १९७८ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस. त्याचीं इतर गाणीं एकत्र होऊन प्रसिद्ध व्हावयास १९९२ साल उजाडलें. आपण लावलेल्या रोपाला फूल आलें कीं नाहीं, हें त्याला कधींच कळलें नाहीं. ही रेकॉर्ड ऐकतांना ही गोष्ट मनांतून जात नाहीं.

फूल आलें तें असें. १९७३ च्या मे महिन्यांत मेंफिसला संगीतावर लिहिणाऱ्या पत्रकारांचा एक मेळावा भरला होता. तेथें उरलेल्या तिघांनीं गायन केलें, आणि एरवीं हाताची घडी घालून बसणारे हे टीकाकार चक्क नाचूं लागले. ते आपापल्या गांवीं गेले, आणि लिहीत राहिले. ज्याच्याजवळ रेकॉर्ड होती त्यानें ती मित्राला ऐकविली, मित्रानें फितीवर उतरून घेतली, ती फीत तिसऱ्याकडे गेली. १९७८ सालीं इंग्लंडांत पहिल्या दोन रेकॉर्डी एकत्र करून पुन्हां काढण्यांत आल्या, आणि मग हा प्रवाह वाढला. जॉर्जिया संस्थानांतील ‘आर. ई. एम.’, स्कॉटलंडमधील ‘टीनएज फॅनक्लब’ अशा पुढच्या पिढीच्या वाद्यवृंदांनीं बिग स्टारचें ऋण उघडपणें मान्य केलें. मिनिआपोलिसच्या ‘रिप्लेसमेंट्स’नीं तर १९८७ सालीं ‘अॅलेक्स चिल्टन’ या नांवाचें एक गाणेंच केलें. त्याच दशकाच्या आरंभीं तो अॅलेक्स चिल्टन न्यू ऑर्लीन्स शहरांत खानावळींतील भांडीं घासून पोट भरीत होता!

१९९३ सालीं मिसूरी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या निमंत्रणावरून चिल्टन व स्टीफन्स हे दोन नव्या साथीदारांसह पुन्हां एकत्र आले. १९९८ पासून ‘इन द स्ट्रीट’ची चाल एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभीं वाजूं लागली, आणि ज्यांनीं बिग स्टार हें नांवहि ऐकलें नव्हतें अशा लक्षावधि लोकांना ती पाठ झाली. हमेलनें संगीत सोडून विमानें बांधणाऱ्या कंपनींत अभियंत्याचें काम पत्करलें होतें. तो व चिल्टन दोघेहि २०१० सालीं वारले. जॉन फ्राय २०१४ मध्यें गेला. चौघांपैकीं आज स्टीफन्स तेवढा उरला आहे.

आतां तबकडी मिळविण्यासाठीं दुकानें पालथीं घालावीं लागत नाहींत. हातांतल्या यंत्रावर बोट ठेवलें कीं गाणें सुरू होतें. ज्या मुलांना ऐकावयाचें असेल त्यांनीं प्रथम ‘थर्टीन’ ऐकावें, आणि तेंहि शक्य तर वडिलांच्या शेजारीं बसून. मग ‘एल गूडो’. तीं आवडलीं तर एखाद्या संध्याकाळीं सर्व रेकॉर्ड क्रमानें लावावी, कारण गाण्यांचा क्रमहि विचारानें लावलेला आहे. पहिली बाजू बहुतांशीं जोरकस, आणि दुसरी जसजशी पुढें जाते तसतशी शांत होत जाते. ‘वॉच द सनराइज’ या गाण्यांत पहांट उजाडते, आणि त्यानंतर एक शेवटचें गाणें येतें, तें जेमतेम एका मिनिटाचें. तें सुरू झालें हें ध्यानांत येतें न येतें तोंच संपतें; सुई तबकडीच्या मध्यभागीं येऊन नुसतीच खरखरत राहते, आणि ऐकणाऱ्याचा हात आपोआप ती पुन्हां पहिल्या बाजूवर उलटण्यासाठीं पुढें होतो.